धक्के पचविणारा चिमटा

यंत्रांशी माझे फारसे सख्य नाही. तीस वर्षे मुलांना इंग्रजी काव्य शिकविण्यात गेली. खिळा ठोकावयाचा म्हणजे आधी बोट ठेचून घ्यावयाचे, एवढीच माझी यंत्रविद्या! तेव्हा गेल्या उन्हाळ्यात मी सलग तीन दिवस एका जुन्या सायकलचा चिमटा खोलून बसलो होतो असे सांगितले, तर माझे मित्र ती थट्टाच समजतील. पण गोष्ट खरी आहे.

सायकल माझ्या थोरल्या भावाची. १९९० च्या सुमारास दादा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गेला आणि तिथलाच झाला. वडिलांच्या मागे घराच्या वाटणीवरून आम्हां दोघांत वितुष्ट आले व पुढची नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. त्या अबोल्यातच तो हिवाळ्यात गेला. उन्हाळ्यात मी वहिनींना भेटावयास गेलो. काय बोलावे हे मलाही सुचत नव्हते, त्यांनाही नव्हते. चौथ्या दिवशी पुतण्या मला गॅरेजमध्ये घेऊन गेला व म्हणाला, "काका, बाबांची ही सायकल नीट करायची आहे. मदत कराल का?"

डोंगरउतारावरून सायकल पिटाळण्याचा हा नाद १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात वाढीला लागला. त्या सायकलींचा चिमटा ताठ असे; वाटेवरच्या प्रत्येक दगडाचा दणका थेट मनगटात यावयाचा. १९८९ साली पॉल टर्नर या मोटरसायकलच्या कारागिराने 'रॉकशॉक्स आरएस-१' नावाचा चिमटा बाजारात आणला. त्याच्या पायांत हवा आणि तेल भरलेले असे, व चाक दगडावर चढले की चिमटा सुमारे दोन इंच दबत असे. पुष्कळ स्वारांनी नाके मुरडली. वजन उगाच वाढते, आणि खऱ्या स्वाराला आपली कोपरे पुरेशी आहेत, असे त्यांचे म्हणणे! परंतु पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे जागतिक स्पर्धा भरली. तीत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने याच चिमट्यावर जिंकली, आणि मुरडलेली नाके हळूहळू सरळ होऊ लागली.

दादाचा चिमटा त्याच घराण्यातला, १९९५ सालचा 'ज्यूडी'. यात हवेच्या जागी मऊ, सच्छिद्र युरेथेनचे ठोकळे एकावर एक रचलेले असतात आणि एका पायात तेलाचे नळकांडे असते. ठोकळ्यांनी धक्का झेलावयाचा व तेलाने त्यांची उसळी आवरावयाची, अशी ही कामाची वाटणी आहे. तेल नसेल, तर ठोकळे झेललेला धक्का तत्काळ स्वारालाच परत करतील. ऐकलेला टोमणा तिथल्या तिथे व्याजासह परत करणारी माणसे आपण पाहतोच. मीही त्यांतलाच एक.

पुतण्याने चिमट्याच्या तळचे दोन बोल्ट सोडविले आणि बाहेरचे पाय खाली ओढून काढले. आतल्या नळ्यांवर एक ओरखडा नव्हता. वरची टोपणे काढली, पण ठोकळे काही निघेनात. जोर केल्यावर जे हाती आले ते पाहून मी थक्क झालो. काही ठोकळ्यांचा पावसाळ्यातल्या गुळासारखा चिकट लगदा झाला होता, तर काही इतके सुकले होते की बोटाने दाबताच त्यांचा भुगा झाला.

"पण ही सायकल तर कित्येक वर्षांत कोणी वापरलीच नव्हती ना?" मी विचारले.

"काका, हे वापरण्याने झिजत नाहीत. नुसते ठेवले तरी खराब होतात. आणि इथल्या थंडीत तर नवे असले तरी कडक होतात."

तो सहज बोलून गेला. मी मात्र बराच वेळ तो भुगा बोटांत चोळीत राहिलो.

दोन दिवस आम्ही काठीला फडके गुंडाळून, अल्कोहोल ओतून नळ्या आतून पुसल्या. बुश साफ करून त्यांना ताजे ग्रीस भरले. धूळ अडविणारी रबरी सीले बदलली. तेलाचे नळकांडे सुदैवाने शाबूत निघाले. आता नवे ठोकळे कोठून आणावे, या विवंचनेत असता पुतण्याने हत्यारांचा खण उघडला. आत एक न फोडलेले पाकीट होते. त्यात याच चिमट्याला ठोकळ्यांच्या जागी बसणाऱ्या पोलादी स्प्रिंगा होत्या. पाकिटावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. म्हणजे दादाला सारे ठाऊक होते. त्याने सामान आणून ठेवले होते. हात लावावयाचे तेवढे राहून गेले.

पुण्यात माझ्या टेबलाच्या खणातही एक पाकीट आहे. त्यावर दादाचा पत्ता आहे, तिकिटेसुद्धा लावलेली आहेत. तेही साधारण तितकेच जुने असेल. हे मी पुतण्याला सांगितले नाही. त्या रात्री वहिनींना मात्र सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत; फक्त उठून आणखी एक कप चहा घेऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी स्प्रिंगा बसविल्या. हँडलवर भार टाकला तसा चिमटा खाली गेला व सावकाश वर आला. मी कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून आलो. फूटपाथची कड चढताना मनगटाला काही जाणवले नाही. गुडघ्यांनी मात्र आपले वय सांगितले.

"आता दर वर्षी तो एकदा उघडायचा," पुतण्या म्हणाला. "चालवला तरी, नाही चालवला तरी. पुढच्या वर्षी याल ना?"

मी येईन म्हणालो, आणि तारीख ठरवूनच निघालो. 'केव्हातरी' या शब्दावर माझा आता विश्वास उरलेला नाही.