जिकडे तिकडे पॅपिरस

एकदा का तो ओळखता आला, की तुमचं काही खरं नाही. स्पाच्या रेटकार्डवर तो. हर्बल साबणाच्या खोक्यावर तो. योगा क्लासच्या बोर्डवर, हॅंडमेड मेणबत्तीच्या लेबलवर, कलीगच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवर... पुन्हा तोच! कडा कुरतडल्यासारख्या, वळणं किंचित वेडीवाकडी, आणि कॅपिटल 'ई', 'एफ'ची मधली रेघ पार वर चढलेली. नाव पॅपिरस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फॉन्टची यादी उघडून बघा, बहुतेक सापडेलच.

नावावरून वाटतं, हा एखाद्या पिरॅमिडमधून निघाला असेल. छे! १९८२ मध्ये क्रिस कॉस्टेलो नावाच्या, नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या अमेरिकन पोराने तो खरखरीत कागदावर पेनने काढला. दोन हजार वर्षांपूर्वी पॅपिरसच्या कागदावर इंग्रजी लिहिलं असतं तर कसं दिसलं असतं, ही त्याची कल्पना. पुढच्याच वर्षी लेट्रासेट कंपनीने तो बाजारात आणला. नंतर तो मॅकवर आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर आयता मिळायला लागला. मग काय, जिथे 'प्राचीन', 'नॅचरल', 'मनःशांती' असं काही विकायचं असेल तिथे हा हजर. २००९ च्या 'अवतार'च्या सबटायटल्समध्येसुद्धा. २०१७ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ने त्यावर स्किटच केलं. 'अवतार'चा फॉन्ट आठवून रायन गॉसलिंगची झोप उडते!

हसायला सोपं आहे हे सगळं. पण माझ्या एका मैत्रिणीने नोकरी सोडली, पीएफचे पैसे काढले आणि योगा क्लास सुरू करायचं ठरवलं. बोर्डाचं डिझाइन मोबाइलवर दाखवत म्हणाली, "बघ ना, कसला ट्रॅडिशनल लुक आलाय!" अर्थातच पॅपिरस. डिझायनरचं बजेट नव्हतं, म्हणून रात्री जागून तिने स्वतः केलं होतं. आता यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? हे जुनं आहे, मनापासून केलेलं आहे, विश्वास ठेवा, एवढंच तिला लोकांना सांगायचं होतं.

पण पैसे तिचे लागले होते, त्यामुळे गप्प बसणंही बरोबर नव्हतं. म्हटलं, "छान आहे गं, पण तुझ्याच रस्त्यावर स्पा, सलून आणि साबणाचं दुकान, सगळ्यांची अक्षरं हीच आहेत. तुझा क्लास वेगळा आहे हे कसं कळणार?"

ती जरा वेळ गप्प. मग, "बरं, मग काय वापरू?"

खरा प्रश्न हाच आहे. योग आपला, आयुर्वेद आपला, आणि त्यांचं जुनेपण दाखवायला इजिप्तचा आव आणणारी अमेरिकन अक्षरं? मोडीच्या वळणांतून नवं सुलेखन घडवणारे अच्युत पालव आपल्याकडचेच. आणि तेवढं लांब कशाला, पाट्या रंगवणारा पेंटर शोधला तर अजूनही सापडतो.

तिने शोधला. क्लासचं नाव देवनागरीत हाताने रंगवून घेतलं. 'य'ची दांडी जरा तिरकी आलीये. पण त्या रस्त्यावर तशी दांडी दुसऱ्या कुणाच्याच बोर्डावर नाही.