हिरव्या नरकातील कसोटी

जर्मनीच्या पश्चिमेस आयफेलच्या डोंगरात न्यूरबुर्ग हे चिमुकले गाव आहे. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि भोवतालच्या दाट जंगलातून वळसे घेत जाणारा, १९२७ साली खुला झालेला शर्यतीचा मार्ग, नॉर्डश्लाइफ. लांबी सुमारे २०.८ किलोमीटर, वळणे सत्तरहून अधिक. शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्ट यांनी त्याला ‘हिरवा नरक’ असे नाव दिले. १९७६ मध्ये निकी लाउडा येथे आगीत होरपळले आणि फॉर्म्युला वनने या मार्गाचा निरोप घेतला.

मोटार कंपन्या मात्र आपल्या उंची, वेगवान सेदान गाड्या पारखायला येथेच येतात. बीएमडब्ल्यूची एम३ परंपरेने मागच्या चाकांच्या जोरावर धावते. वळणावर ती चालकाला रंगवते, पण ॲक्सिलरेटर घाईने दाबला तर मागची बाजू घसरते. ऑडीची क्वाट्रो पद्धत चारही चाकांना ताकद देते. ओल्या रस्त्यावर तिचा भरवसा वाटतो, गंमत थोडी कमी. इटलीच्या आल्फा रोमिओ ज्युलियाने २०१६ मध्ये ही फेरी ७ मिनिटे ३२ सेकंदांत पुरी करून जर्मनांना त्यांच्याच अंगणात चकित केले.

ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी येथे चालवू शकतो. कठडा मोडला तर भरपाई मात्र स्वतःच्या खिशातून! घड्याळाला हरवणारी गाडी एक असते आणि बायकामुलांना निर्धास्तपणे बसवावे अशी दुसरी, हे येथे एका फेरीत उमगते.