गठ्ठे कोण वाटतो?

आम्ही नालासोपारा पूर्वेला तुळिंजमध्ये राहतो. आमच्या चाळीतल्या आम्ही काही जणी शिलाईच्या गाळ्यात पीसवर काम करतो. जितके पीस, तितका पैसा. वरवर पाहिले तर यात खोट दिसत नाही. जी जास्त राबेल, तिला जास्त मिळेल.

पण पीसपीसमध्ये फरक असतो. सरळ शिलाईचा गठ्ठा भराभर उरकतो, कॉलरचा गठ्ठा अर्धा दिवस खातो. एकीची मशीन नीट चालते, दुसरीचा दोरा सारखा तुटतो. मग महिनाअखेर जिचे पीस जास्त भरले, ती खरोखर पहिली आली असे म्हणायचे का? आमच्या गाळ्यात जास्त पीस करणारीला साडी द्यायचे ठरले आणि रोज एका डब्यात जेवणाऱ्या दोघींचे बोलणे बंद झाले. एक म्हणे, "तुला सोपे गठ्ठे मिळतात." दुसरी म्हणे, "तुझाच हात चालत नाही." गठ्ठे वाटणाऱ्याचे नाव मात्र त्या भांडणात कुठेच नव्हते.

वाचकहो, मुंबईच्या गिरण्यांत आपल्या वाडवडिलांनी याहून कठोर अन्याय सोसला. सूत काढायच्या खात्यात त्यांना काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणाईखात्याचे दार बंद असे. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याचा इतरांना विटाळ होतो! ज्याला साच्यापाशी उभेच राहू दिले नाही, त्याचा हात चालतो की नाही हे कळणार कसे? आणि हे दार अडवण्यात शेजारी राबणारे कामगारही होते. म्हणूनच १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे आग्रह धरला की, सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क संपाच्या मागण्यांत आलाच पाहिजे. मालकाशी लढताना आपसातला अन्याय झाकून ठेवायला ते तयार नव्हते.

आम्ही सहाजणी मिळून बोलायला गेलो. मागणी एवढीच होती की, गठ्ठे पाळीपाळीने द्या आणि कोणाला कोणता गठ्ठा दिला ते सर्वांना दिसेल अशा वहीत लिहा. आधी टाळाटाळ झाली. "तुम्हाला हिशेब कशाला हवा?" असेही ऐकावे लागले. आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा कुठे वही सुरू झाली.

आजही कोणी पुढे असते, कोणी मागे. पण मागे राहिलेली आता पुढचीकडे संशयाने पाहत नाही. "कॉलर एवढी पटकन कशी बसवतेस, मला दाखव," असे म्हणते आणि पुढचीही दाखवते.

बंधूभगिनींनो, तुमच्याही कारखान्यात, ऑफिसात, दुकानात बढती, बोनस, ओव्हरटाइम यांवरून मने दुरावत असतील. सोबत्याशी अबोला धरण्याआधी आम्हाला जे विचारावे लागले ते तुम्हीही विचारा: गठ्ठे कोण वाटतो, आणि त्याची वही कुठे आहे?