पडवीतला पक्षिनिरीक्षक

वाचकहो, घरातील वृद्धांना पावसाळ्यात प्रवासाला नेऊ नये, असा सल्ला मी पंचवीस वर्षे देत आलो आहे. गेल्या सप्टेंबरअखेरीस तो मीच मोडला आणि एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, आमच्या अण्णांना, घेऊन वेळासला गेलो. आई गेल्यापासून ते उंबरठ्याबाहेर पडेनासे झाले होते.

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, समुद्राकाठचे, नाना फडणविसांचे गाव. आज त्याची ओळख आहे ती ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन येथील कासवांची घरटी राखायला आरंभ केला. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. आमचे यजमान सहजपणे म्हणाले, “पूर्वी हीच अंडी आम्ही खणून आणायचो. आता हंगामात ती राखायला जातो.” कासवांचा हंगाम अजून दूर होता. आम्हाला पक्षी पाहायचे होते.

आणि पाऊस थांबत नव्हता.

पुण्याहून येताना पाच-सहा तासांत अण्णांनी एकदाही गाडी थांबवायला सांगितली नाही, याचे मला कौतुकच वाटले होते. उतरल्यावर पाहिले, तर पाण्याची बाटली भरलेली आणि सकाळची लघवी होण्याची गोळी डबीत तशीच. “वाटेत कुठे थांबायचं रे?” एवढेच ते म्हणाले. माझ्या दवाखान्यात असे किती जण येऊन गेले असतील, आणि मी कधी विचारले नाही! उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. त्यात पाणी तोडले, की रक्तदाब उतरून उठताना भोवळ येते आणि माणूस पडतो. म्हणून प्रवासाआधी गोळीची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ती परस्पर बंद करू नका. दर दोन तासांनी, न मागता, गाडी थांबवा.

जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेले होते. अण्णांना पडवीत खुर्चीवर बसवले, दुर्बीण हाती दिली आणि मी गावातील एका तरुणासोबत किनाऱ्यावर गेलो. भिंगांवर वाफ धरली. तासाभरात चार कुरव आणि एक भिजलेला समुद्र बगळा, एवढीच काय ती कमाई.

परतलो तेव्हा अण्णा उभे होते. “घारीपेक्षा खूप मोठा. पोट पांढरं, शेपूट पाचरीसारखी. पायात साप होता!” यजमान हसले. तो समुद्र गरुड होता. समुद्री साप आणि मासे हे त्याचे भक्ष्य. उंच झाडावरचे तेच घरटे तो वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो. पक्षिनिरीक्षणाला एका जागी शांत बसून राहावे लागते, आणि त्याची सवय अण्णांना माझ्याहून अधिक होती.

दुपारी पाऊस ओसरला. काठीच्या टोकाचे झिजलेले रबर बदलून आणले होते (हे आपणही घरी तपासा), तरी वाळूत काठी रुतेच. मग यजमान प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पुढे चालले आणि आम्ही दर पन्नास पावलांवर बसत सुरूच्या बनापलीकडे पोचलो. ओल्या वाळूवर चिखल्यांचा थवा धावत होता. यांतले काही हिमालयापलीकडच्या पठारांवरून येतात, हे त्या तरुणाने सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. “एवढंसं पाखरू,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाणी मागितले.

परतीच्या वाटेवर आम्ही तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा चहा पिताना त्यांनी विचारले, “पिल्लं समुद्रात जाताना मार्चमध्ये दिसतात म्हणे. माझं गुडघ्याचं इंजेक्शन जरा आधी घेता येईल का?”