बाटलीतले पाहुणे

पोटासाठी मराठी शिकवायचं आणि जिवाला छंद परग्रहावरच्या जीवसृष्टीचा, असा माझा दुहेरी संसार आहे. मेहकरात लोक मला पाठीमागं ‘मंगळवाले सर’ म्हणतात, आमची सौ. तर तोंडावरच म्हणते.

ह्या छंदाला खतपाणी घातलं ते लोणारनं. अशनी आदळून काळ्या कातळात पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. मंगळाची भूमीही पुष्कळशी अशाच कातळाची. म्हणून लोणारच्या काठावर अभ्यासकांना मंगळ आठवतो. खालचं पाणी खारट, सोड्याचं. तरी त्यात सूक्ष्मजीव सुखानं नांदतात. इथं नांदतात, तर तिकडं का नसावेत?

२०२० च्या जूनमध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी झालं. लोणारच्या एका विद्यार्थ्यानं मला बाटलीभर आणून दिलं. ती बाटली हातात नाचवीत मी ओट्यावरून गल्लीला ऐटीत सांगितलं, “अशनीबरोबर आलेलं कुणीतरी जागं झालंय!” पुरावा दमडीचा नव्हता. आधाराशिवाय विधान करू नका, म्हणून वर्गात मुलांना दटावणारा हाच तो मी!

पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. निघाले हॅलोआर्किया : खारटपणा वाढला की फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्याचे, अस्सल पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव. माझ्या बाटलीतला रंगही एव्हाना तळाशी बसला होता.

त्या रात्री जयंत नारळीकर आठवले. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून उंचावरच्या हवेचे नमुने आणले गेले, त्या प्रयोगांत ते होते. दुसऱ्या खेपेला, ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेत, जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला फ्रेड हॉइल ह्यांचं नाव दिलं. हॉइल म्हणजे नारळीकरांचे गुरू. जीवन अंतराळातून आलं, असं मानणारे. एवढं हाती आल्यावर मी तर गावभर पेढे वाटले असते! पण २००९ मध्ये इस्रोनं निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच असं ह्यावरून सिद्ध होत नाही, हेही त्यात स्वच्छ सांगितलं.

सकाळी ओट्यावर जाऊन मी चूक कबूल केली. कुणी हसलं नाही. खरं म्हणजे, मी काय बोललो होतो तेच बहुतेकांना आठवत नव्हतं. ते जास्त लागलं.

आई मात्र आतून ऐकत होती. “मंग हे तं आपल्याच घरचे निंघाले!” ती म्हणाली, आणि तिला त्याचा आनंदच झालेला दिसला.

सौ.नं ती बाटली तेलासाठी मागितली. मी दिली नाही. कितीतरी दिवस येताजाता हलवून पाहत असे. तळचं गुलाबी क्षणभर वर येई.