बोडक्या डोक्याचा मोला राम

माझ्या कपाटात काचेमागे इंडियाना जोन्स उभा आहे. शेजारी मोला राम. इंडियाना त्याच्या जेमतेम छातीला लागतो. कारण साधं आहे. इंडियाना केनर या खेळण्यांच्या कंपनीचा, पावणेचार इंचांचा. मोला राम एलजेएनचा, सहा इंचांचा. दोन कंपन्या, दोन मापं. अस्सल संग्राहक ही दोन मापं एका फळीवर ठेवत नाहीत. मी ठेवतो.

आधी केनरबद्दल, कारण मी सिनसिनाटीत राहतो आणि केनर इथलीच. जुन्या खोक्यांवर वाइन स्ट्रीटचा पत्ता छापलेला असतो. मी नोकरीसाठी इथे आलो १९९९ साली आणि पुढच्याच वर्षी केनरची मालक झालेल्या हॅस्ब्रोने इथलं कामकाज गुंडाळलं. 'स्टार वॉर्स'ची पावणेचार इंची माणसं १९७८ पासून याच गावातून जगभर गेली. १९७७ च्या नाताळात खेळणी तयार नव्हती, तेव्हा केनरने मुलांना 'खेळणी नंतर मिळतील' असं प्रमाणपत्र पाकिटात घालून विकलं आणि लोकांनी ते विकतही घेतलं! इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' १९८१ च्या जूनमध्ये पडद्यावर आला, तेव्हा आता तेच पुन्हा घडणार, असं कंपनीला वाटलं असेल तर नवल नाही.

तसं घडलं नाही. खेळणी आली १९८२ मध्ये, म्हणजे पोरांचा उत्साह ओसरल्यावर. पुढच्या वर्षी मालिका बंदही झाली. एकूण नऊ फिगर्स. त्यांतला सोहळ्याच्या झग्यातला खलनायक बेलॉक तर टपालाने मागवावा लागे. माझ्या मते दोष माणसांचा नव्हता. कातडी जाकीट घातलेल्या पुराणवस्तूशास्त्रज्ञाला ना अंतराळयान, ना लेझर. पण खेळणी म्हणून ती सुंदर आहेत. 'वेल ऑफ द सोल्स' या संचात चित्रपटातला तो करारकोश आणि साप आहेत. नायिका मॅरियनबरोबर एक इवलंसं माकड येतं. हे माकड म्हणजे संग्राहकांचा जीव. चाळीस वर्षांत किती माकडं झाडूखाली, गालिच्यात, धुलाईयंत्रात गेली असतील! नुसती मॅरियन मिळते, माकडासकट मॅरियन मिळायला वर्षं लागतात. मला सहा लागली.

दर उन्हाळ्यात शनिवारी पहाटे पाचला मी गाडी काढतो. ओहायोतले फ्ली मार्केट उजाडण्याआधी सुरू होतात. हातात बॅटरी घेऊन माणसं गाड्यांच्या डिक्कीत डोकावत असतात. तुटकी खेळणी मोठ्या पिशव्यांत भरून किलोच्या भावाने दिल्यासारखी विकतात. त्या पिशव्या ओतून मी एकेक हात, एकेक पाय चाचपतो. जुन्या प्लॅस्टिकचा एक वास असतो. काहींना चिकट घाम सुटलेला असतो, कारण प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला पदार्थ वर्षांनी बाहेर झिरपतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना टूथब्रश याहून जास्त काही करायचं नाही. स्पिरिटने रंग जातो. चाबूक, पिस्तूल, माकड यांच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत. पाण्यात टाकून पाहा, बुडालं तर खोटं, असं काही जण सांगतात. मी त्यावर विसंबत नाही. शंभर अस्सल वस्तू हाताळल्या की बोटांनाच कळतं.

पण मी हा छंद सुरू केला तो मोला रामसाठी.

१९८५ साली मी अकरा वर्षांचा होतो. डोंबिवलीला आमच्या इमारतीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या होत्या. दुसरी कॅसेट इंडियाना जोन्सच्या 'टेंपल ऑफ डूम'ची. जेवणाच्या त्या प्रसंगाला, सापातून साप निघतो आणि माकडाच्या डोक्याचं पक्वान्न येतं, तेव्हा आजी उठून गेली. बाबा म्हणाले, "हे आपल्याकडे कुठे खातात? काय समजतात आपल्याला?" मला तेव्हा त्यांचा राग कळला नाही, आता पुरता कळतो. चित्रपटात आपल्या कालीमातेला नरबळी मागणारी राक्षसीण करून ठेवली आहे. पटकथा वाचून भारत सरकारने बदल मागितले, तेव्हा निर्मात्यांनी श्रीलंकेतल्या कँडीजवळ गाव उभं केलं आणि मंदिर लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत बांधलं. ते बदल मागितले ते योग्यच होतं, असं मला आजही वाटतं.

मग मोला राम आला. शिंगांचा टोप, रंगवलेलं कपाळ, ते डोळे. बाबा पुढे सरकून बसले. "अरे, हा अमरीश पुरी! सत्यदेव दुब्यांच्या 'हयवदन' नाटकात पाहिलाय मी याला." मघाशी रागावलेला माणूस एकदम उजळला. ज्या नटाला त्यांनी मुंबईत एका लहानशा रंगमंचावर पाहिलं होतं, तो हॅरिसन फोर्डसमोर उभा होता आणि फोर्डचा घाम काढत होता. मोला राम माणसाच्या छातीतून काळीज काढतो तो प्रसंग इमारतीतल्या पोरांनी महिनाभर जिन्यावर केला. (अमेरिकेतल्या पालकांनाही तो झेपला नाही. या आणि 'ग्रेमलिन्स'सारख्या चित्रपटांवरच्या तक्रारींमुळेच १९८४ च्या जुलैत तिथे पीजी-१३ हा नवा दर्जा आला.)

बाबांनी मला नंतर सांगितलं की हा माणूस कित्येक वर्षं राज्य विमा निगममध्ये नोकरी करून संध्याकाळी नाटक करायचा. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या चित्रपटातला आंधळा गायकही तोच. त्या चित्रपटाची कॅसेट शोधायला आम्ही दादरपर्यंत गेलो होतो.

'टेंपल ऑफ डूम'ची खेळणी केनरने केली नाहीत. एलजेएनने १९८४ मध्ये तीनच माणसं बाजारात आणली: इंडियाना, मोला राम आणि एक धिप्पाड ठग. ती फार खपली नाहीत, म्हणून आज मिळत नाहीत. मी पहिला मोला राम २००३ साली टपालाने मागवला. फोटोत दिसलं नव्हतं, पण त्याचा उजवा हात गोंदाने चिकटवलेला होता आणि पिशवीतून काढतानाच तो निखळला. टोप नव्हताच. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. त्या रात्री मी फार खिन्न झालो. तरी टेबलावर ठेवून बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं की घडवणाऱ्याने गालाची हाडं आणि जबडा नीट पाहिला होता. सहा इंचांच्या स्वस्त प्लॅस्टिकमध्ये तो चेहरा ओळखू येत होता.

दुसरा, धड हाताचा, चार वर्षांनी डेटनजवळच्या एका खेळण्यांच्या मेळ्यात मिळाला. तोही टोपाशिवाय. मग टोपाचा शोध सुरू झाला आणि तो बारा वर्षं चालला. २०११ मध्ये बाबा इथे आले होते. गुडघे दुखत असताना दोन शनिवार पहाटे माझ्याबरोबर आले आणि पिशव्या ओतून शिंगं शोधत बसले. "आज नाहीच वाटतं," असं म्हणत कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून उभे राहिलेले बाबा मला नीट आठवतात.

टोप मिळाला २०१९ मध्ये, बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी, एका बाईच्या गराज सेलमध्ये. बटणांच्या डब्यात होता. तिने पन्नास सेंट मागितले. मी पाच डॉलर दिले आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवली नाही.

घरी येऊन टोप धुतला, पुसला, मोला रामच्या डोक्यावर बसवला. नीट बसला. आता संच पूर्ण, किंमत दुपटीहून जास्त. मी दोन दिवस तसाच ठेवला. पण शिंगांखाली चेहरा लपत होता, मोला राम तेवढा दिसत होता. या भूमिकेसाठी अमरीश पुरींनी डोकं तासलं होतं आणि नंतरही ते तसंच ठेवलं. नंतरच्या पिढीला ठाऊक असलेलं ते डोकं या कामातून आलं.

तिसऱ्या दिवशी मी टोप काढला. आता तो मोला रामच्या पायाशी असतो, आणि इंडियाना त्याच्या छातीशी.