शेकणी

गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावात म्हाताऱ्या कुत्र्याला सगळ्यात आधी हवी ती रात्री घरात जागा. उमेदीच्या काळात मोह वेचायला, तेंदूपानाला माणसांच्या पुढे धावणारं कुत्रं एकदा बहिरं झालं, की सपरीतली झोप त्याच्या जिवावर बेतते. बिबट अगदी जवळ आला तरी त्याला चाहूल लागत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला.

म्हातारपण गुपचूप येतं. जनावर दुखणं सांगत नाही, लपवतं. मग घरच्यांनीच बघायचं: पायरीशी थबकतं का, एकाच बाजूने चावतं का, पाणी अचानक जास्त पितं का. डोळ्यांवर निळसर झाक आली म्हणून दर वेळी मोतीबिंदू नसतो. वयाने भिंग घट्ट झालं की तशी झाक येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहतं. बहिऱ्याला झोपेत मागून हात लावू नये, दचकून चावतं. जमिनीवर पाय आपटला की कंपन त्याच्यापर्यंत पोचतं. शेणाने सारवलेल्या घरात म्हातारे पाय सहसा घसरत नाहीत. नव्या टाइल्सवर मात्र ते फाकतात, तिथे पोतं अंथरावं.

खरं तर म्हाताऱ्या, थकल्या अंगाची सेवा या मुलखाला नवी नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेक देतात. आणि शेजारच्या अहेरी तालुक्यात, कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये, हिवाळ्यात हत्तींना काही दिवस चक्क सुटी असते. हा राज्यातला एकमेव हत्ती कॅम्प; इथल्या हत्तींनी एके काळी जंगलातली लाकडं ओढली. सुटीच्या दिवसांत माहूत वनौषधींचा काढा उकळतात आणि त्याने हत्तींचे पाय शेकतात. या कामाला तिथे 'चोपिंग' म्हणतात. एवढ्या अवाढव्य जनावराच्या तळव्यांची इतकी काळजी घेणारी माणसं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या दारच्या कुत्र्याच्या आखडलेल्या सांध्यांनाही कोमट फडक्याचा शेक मिळायलाच हवा. थंडीच्या सकाळी दहा मिनिटं पुरतात.

फक्त माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. हेच डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली ढोरं खाऊन देशभरातली गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गडचिरोलीच्या रानात गिधाडं अजून आहेत, म्हणूनही इथे ही आठवण ठेवायला हवी.

नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून फार लांब. म्हाताऱ्या जनावराला तेवढा प्रवास झेपेलच असं नाही. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळचा, आणि १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पथकाची गाडी मागवता येते. डॉक्टर येण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: खाणं कधीपासून कमी झालं, पाणी किती पितं, शेवटची रेबीजची लस केव्हा दिली.